थ्रॉटलवरचा हात

वळणाच्या खुणेसाठी पाण्यात सोडलेल्या बोयाचा नारिंगी रंग बोटीच्या कुशीला पुन्हा लागला होता. मास्तरणीने धक्क्यावर उडी मारली, हेल्मेट काढलं आणि ते आपटावं की काय असा विचार केला. हेल्मेट सासऱ्यांनी हौसेने आणलेलं, म्हणून तिने हातमोजे आपटले. ओल्या हातमोज्यांचा कसला आवाज येणार? पचकन पडले आणि तिथेच लोळत राहिले. त्याचाही तिला राग आला.

"झालं?" बाकावर बसलेल्या सासूबाईंनी विचारलं. "आज आतून घासलीस. काल पार बाहेरून गेली होतीस. मधनं जायचं असतं गं."

"माहितीये आई, मधनं जायचं असतं."

"मग जा की."

सासूबाईंना पोहता येत नव्हतं, पाण्याची आवड नव्हती, बोटीत त्या उभ्या जन्मात बसल्या नव्हत्या. पण रोज चहाचा थर्मास घेऊन धक्क्यावर हजर, आणि मत तयार.

मागून सासरे हळूहळू वर आले. त्यांनी बोटीच्या कुशीवरून हात फिरवला, रंगाचा ओरखडा नखाने खरवडला आणि म्हणाले, "घाई करतेस. बाकी काही नाही. हात शांत ठेव."

हात शांत ठेव! गेले कित्येक दिवस ती हेच ऐकत होती. शांत ठेवून ठेवून हात लाकडाचे व्हायची वेळ आली होती.

तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, कारण ती मोटार चालवायला शिकवायची. शहरातल्या निम्म्या लोकांना क्लच आणि ब्रेक यांतला फरक तिनेच समजावून सांगितला होता. भर चौकात गाडी बंद पडून रडकुंडीला आलेल्या माणसांना तिने शांतपणे घरी पोचवलं होतं. आणि तीच बाई इथे एका फुगलेल्या बोयाभोवती धड वळू शकत नव्हती. धक्क्यावरचे लोक तोंडावर हसत नसत, पण पाठ फिरली की मागे खुसखुस सुरू व्हायची. कान काही बहिरे नव्हते तिचे.

शर्यतीची बोट म्हणजे भलतंच प्रकरण असतं. लांब नाक, चपटं पोट, आणि एकदा वेग घेतला की मागचा पंखा तेवढा पाण्यात, बाकी सगळी बोट जवळजवळ हवेत. तिच्यात दोघं बसतात. एकाच्या हातात चाक, दुसऱ्याच्या हातात थ्रॉटलची दांडी. चाकवाल्याने फक्त वळवायचं, वेगाला हात लावायचा नाही. दांडीवाल्याने फक्त वेग सांभाळायचा, दिशेत नाक खुपसायचं नाही. "लग्नापेक्षा बिकट आहे हे," सासूबाई म्हणायच्या, आणि एवढ्या एका बाबतीत मास्तरणीचं त्यांच्याशी जमायचं.

सासरे तीस वर्षं दांडीवर बसले होते. त्यांचे एक जुने मित्र चाकावर असायचे. मित्राची कंबर गेली तेव्हा चाक रिकामं झालं. घरातला एकुलता एक मुलगा, म्हणजे मास्तरणीचा नवरा, धक्क्यावर नुसता उभा राहिला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. मग एका सुट्टीच्या दिवशी साध्या बोटीतून फिरायला गेले असताना सुनेने गंमत म्हणून चाक धरलं आणि घरी आल्यावर सासरे म्हणाले, "हिचे हात शांत आहेत. चाकावर हीच बसणार."

त्या एका वाक्याने मास्तरीण हुरळली होती. का नाही हुरळणार? मोटार शिकवणारीचं कौतुक कोण करतं? लोक परवाना खिशात घालतात, आणि रस्त्यात भेटले तर ओळखही देत नाहीत. तिच्या हातांकडे बघून कुणी काही म्हटलं असेल, असं हे पहिलंच.

आणि आता रविवारी मंडळाचा परीक्षक येणार होता. मोसमाची शर्यत तोंडावर आलेली. दोन संधी मिळणार. तीन फेऱ्या मारायच्या, नारिंगी बोयाला बोट लागू द्यायची नाही, आणि बाहेरच्या पांढऱ्या बोयांपलीकडे जायचं नाही. जमलं तर चाक तिचं. नाही जमलं तर या मोसमात चाकावर घारा बसणार, हे ठरून गेलेलं होतं.

हा घारा म्हणजे भाड्याने मिळणारा माणूस. डोळे घारे, तोंड कायम बंद. चाकाचाही परवाना, दांडीचाही परवाना. जो बोलावील त्याच्या बोटीत बसायचं, काम करायचं आणि निघून जायचं. रोज तो धक्क्याच्या टोकाला उलट्या पिंपावर बसून तिची फजिती बघायचा आणि मधूनमधून जांभई द्यायचा. हसला असता तर परवडलं असतं. त्या जांभईने मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बोटीत बसलं की वेगळाच जाच. दोघांच्या हेल्मेटमध्ये माइक, त्यामुळे सासऱ्यांचा आवाज थेट कानाच्या पडद्यावर. "आता! वळ! वळ गं! अगं, सोड! सोड म्हणतो ना!" ते एका शब्दात मोकळे व्हायचे. तिला मात्र "बाबा, तुम्ही जरा..." एवढं म्हणेपर्यंत बोया मागे गेलेला असायचा. बरं, सासऱ्यांवर ओरडायचं कसं? विद्यार्थी असता तर चार शब्द सुनावले असते. नवरा असता तर आठ. सासऱ्यांपुढे तोंडात मूग धरून बसायचं आणि घरी जाऊन भांडी आपटायची, एवढंच हातात.

आणि चूक तरी एक असावी! चाक जरा जास्त फिरवलं की बोट एकदम नाक पाण्यात खुपसून आतल्या बाजूला झेपावायची आणि बोयाला घासायची. म्हणून दुसऱ्या दिवशी कमी फिरवलं, तर शेपूट घसरत घसरत पार पांढऱ्या बोयांच्या बाहेर. सरळ रेषेत बोट कशी सुतासारखी जायची. वळण आलं की अंगात आल्यासारखी करायची. मास्तरणीने रात्री उशी धरून वळणं घेतली, जेवताना ताट फिरवून बघितलं. नवरा म्हणाला, "आमटी सांडेल." ती म्हणाली, "सांडू दे."

शुक्रवारी सकाळी ती आपल्या कामावर होती. शिकाऊ गाडीच्या चाकावर औषधवाले काका. औषधाच्या दुकानाचे मालक, पोट चाकाला टेकलेलं, स्वभाव अगदी गरीब. त्यांचं एकच दुखणं होतं. उजवीकडे वळताना गाडी हिसका देऊन बंद पडायची. रोज. त्याच चौकात, त्याच वळणावर. मागचे भोंगे वाजवून जीव काढायचे.

त्या दिवशीही पडली. काकांनी चाक सोडलं, मांडीवर दोन्ही हात ठेवले आणि एवढा गरीब माणूस चक्क ओरडला, "मॅडम, माझं चुकतंय तरी काय? तुम्ही सांगता तसंच करतोय ना मी? क्लच दाबतो, गिअर बदलतो, वळवतो. आणि तरी ही बया मरते! घरी बायको हसते मला!"

"काका, घाई करता तुम्ही," मास्तरीण म्हणाली. "हात शांत..."

आपण कुणाचं वाक्य बोलतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने खाली बघितलं.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. अडीअडचणीसाठी. तिचा पाय त्यावर होता. नुसता ठेवलेला नव्हता, चांगला दाबलेला होता. त्या चौकात मागे कधीतरी एक सायकलवाला आडवा आला होता, तेव्हापासून वळण आलं की पाय आपोआप जायचा. तिला पत्ताच नव्हता. काका बिचारे गाडी बरोबर वळवत होते आणि ही बाई शेजारी बसून ती मारत होती.

"काका," ती म्हणाली, "चूक तुमची नाही. माझी आहे. परत वळवा."

पाय तिने चक्क सीटवर वर घेऊन मांडी घातली. काका वळले. गाडी लोण्यासारखी वळली. काकांनी पुढच्या रस्त्यावर गाडी थांबवून डोळे पुसले. मास्तरीण मात्र दुसऱ्याच गोष्टीने पेटली होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी.

त्या संध्याकाळी बोटीत बसल्यावर तिने ठरवून बोयाकडे बघितलं नाही. वळण आलं तसं तिने सासऱ्यांच्या हाताकडे बघितलं. जुना, शिरा वर आलेला हात, दांडीवर पक्का. बोया जवळ आला, कानात "आता! वळ!" आलं, आणि त्याच क्षणी तो हात मागे आला. थोडासाच, दोन बोटं. पण त्या बोटीला दोन बोटं पुष्कळ झाली. वेग तुटला, नाक पडलं, शेपूट सुटली. बोया कुशीला धाडकन लागला.

"लक्ष कुठं आहे तुझं?" सासरे गरजले.

"तुमच्या हाताकडे!" मास्तरीण म्हणाली. बोटीतलं हे तिचं पहिलं आखूड वाक्य होतं.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जुंपली. सासरे ऐकायलाच तयार नाहीत. "मी? वळणावर हात मागे घेतो? अगं, दांडीवर तीस वर्षं गेली माझी! बोट लाटेवरून उडाली की हात घ्यायचा, पाणी लागलं की द्यायचा, हे झोपेत करतो मी. वळणावर हात घेतात तो काय दांडीवाला? वळणावर तर उलट रेटायचं असतं, तरच बोट पाणी पकडते. हे मीच तुला सांगितलंय!"

"सांगितलंय तुम्हीच बाबा, पण करत नाही तुम्ही."

"खोटं बोलतो मी?"

"तसं नाही म्हटलं मी. तुम्हाला कळत नाहीये."

नवऱ्याने आपलं ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत गेला. घरातल्या वादळातही त्याला बोट लागत असे बहुतेक. सासूबाईंनी वाढायचा डाव भांड्यात टेकवला.

"मित्र चाकावर असताना तुम्ही नव्हता हो घेत हात," त्या शेवटी म्हणाल्या. "मित्र काय, संध्याकाळी त्याच्या घरी जायचा. ही आपल्या घरी येते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते तुमच्या हाताला विचारा."

सासरे उठून गेले. पाण्याचा पेला तसाच राहिला. मास्तरणीला वाटलं होतं, खरं सापडलं की बरं वाटेल. कसलं बरं वाटतंय! इतके दिवस स्वतःवर चिडत होती ते निदान सोपं होतं. आता चिडायचं कुणावर? जो माणूस आपल्या काळजीपोटी आपल्याला नापास करतोय, त्याच्यावर? आणि त्या माणसाला ते ठाऊकही नाही!

रविवारी पाणी सपाट होतं. परीक्षक उंच, बारीक, कानटोपी घातलेला, घसा बसलेला. तो आपल्या छोट्या बोटीत उभा राहून म्हणाला, "शेजारी कोण बसवायचं ते तुम्ही ठरवा. त्याच्याकडे दांडीचा परवाना असला म्हणजे झालं. मी बोट बघतो. माणसं बघत नाही."

सासऱ्यांनी पट्टे आवळले. हेल्मेट घालायच्या आधी ते तिला म्हणाले, "आज हात घेणार नाही. शपथ." आणि त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं, हीच तर पंचाईत होती.

पहिली फेरी. पहिलं वळण. हात जागेवर. बोट वळली, थोडी डळमळली, पण वळली. दुसरी फेरी. पाण्यावर दुसऱ्या कुठल्यातरी बोटीची लाट आली, बोट टणकन उडाली, आदळली, पुढे लगेच बोया. तिने चाक फिरवलं आणि त्याच वेळी वेग तुटला.

ती माइकमध्ये ओरडली. सासरे, वय, मान, सगळं विसरून. "बाबा, हात बघा! स्वतःचा हात बघा!"

त्यांनी बघितला. दोन बोटं मागे आलेला आपला हात त्यांनी असा बघितला, की जणू दुसऱ्याच कुणाचा आहे. बोट घसरत पांढऱ्या बोयांच्या बाहेर गेली. छोट्या बोटीतून परीक्षकाने लाल झेंडी वर केली. एक संधी संपली.

बोट धक्क्याला लागली. सासऱ्यांनी हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते. "परत बसू," ते म्हणाले. "या खेपेला दांडीला हात बांधून घेतो."

मास्तरणीने समोर बघितलं. उलट्या पिंपावर घारा बसला होता आणि जांभई देत होता. तिला तो माणूस डोळ्यासमोर नको होता. ती नापास झाली की तिच्या जागेवर बसणारा हाच. तिचं बरं व्हावं असं त्याला वाटायचं काही कारण नव्हतं, वाईट व्हावं असंही नव्हतं. ती जगली काय, बुडाली काय, त्याच्या जांभईत खंड पडला नसता. आणि तिला अगदी असाच माणूस हवा होता. या विचाराने तिला स्वतःचीच चीड आली.

"बाबा," ती म्हणाली. पुढचं बोलायला तिला फार जोर लावावा लागला. "तुम्ही उतरा."

"काय?"

"तुम्ही उतरा बाबा. घाऱ्याला बसू द्या."

सासऱ्यांना त्यांच्याच बोटीतून उतरायला सांगणारी सून धक्क्याने आधी कधी बघितली नव्हती. सासूबाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. सासरे थोडा वेळ पट्ट्याशी चाळा करत बसले. मग त्यांनी तो सोडला, कडेला हात टेकून उठले आणि वर चढले. चढताना त्यांचा गुडघा लचकला, ती मदतीला हात पुढे करणार तेवढ्यात ते वर पोचले होते.

घारा आला, बसला. तिच्याकडे बघितलंही नाही. "पट्टा," एवढं म्हणाला आणि दांडी पुढे रेटली.

बाप रे! मास्तरणीची मान मागे आपटली. इतके दिवस ती ज्याला वेग समजत होती, तो वेग नव्हताच. हा होता वेग. धक्का, झाडं, माणसं एका पट्ट्यात पुसली गेली. बोया आला म्हणेपर्यंत अंगावर आला. तिने चाक फिरवलं, सवयीने, आणि लक्षात आलं की कानात कुणी "आता" म्हणालंच नाही. घाऱ्याचा हात हललाही नव्हता. बोटीने पाणी कचकन पकडलं आणि पोटातलं सगळं एका बाजूला गेलं. वळण थोडं बाहेरून झालं, पण पांढऱ्या बोयांच्या आत राहिलं.

आणि तिला भीती वाटली. खरीखुरी, हातपाय गार करणारी. सासऱ्यांबरोबर तिला राग आला होता, लाज वाटली होती, रडू आलं होतं, पण भीती म्हणून कधी वाटली नव्हती. तेवढी तिच्यापर्यंत पोचूच दिली नव्हती त्यांनी. आता ती सगळी एकदम आली. चाक सोडून डोळे मिटावेत असं वाटलं. "बाबा," ती माइकमध्ये पुटपुटली. घाऱ्याचा हात पुढेच राहिला.

पुढच्या वळणाला तिने चाक कमी फिरवलं आणि लवकर फिरवलं. बोट वळली. त्याच्या पुढच्या वळणाला आणखी नीट वळली. शेवटच्या फेरीत नारिंगी बोया हाताच्या अंतरावरून गेला आणि बोट एका रेषेत, पाणी कापत, वळणातून सरळ बाहेर आली. भीती तशीच होती. हात मात्र शांत होते, आणि ते तिचे तिने शांत ठेवले होते.

धक्क्याला लागल्यावर घारा पट्टे सोडून उतरला. "ठीक," म्हणाला आणि पिंपाकडे गेला. मास्तरणीला उठताच येईना. ती तशीच चाक धरून बसून राहिली.

परीक्षकाची बोट शेजारी आली. "पास," तो बसक्या घशाने म्हणाला. "मोसमाला जोडी कुठली धरू? आत्ताच सांगा, नंतर बदलता येणार नाही."

तिने वर बघितलं. सासरे धक्क्याच्या कडेला दोर हातात धरून उभे होते. तीस वर्षांत पहिल्यांदा बोट आत येताना ते बाहेर होते. त्यांना घेते म्हणावं तर पुढच्या महिन्यात पुन्हा तोच बोया, तोच ओरखडा. घेत नाही म्हणावं तर कुठल्या तोंडाने?

"घाऱ्याला धरा," सासरे म्हणाले. आवाज नेहमीचा, धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असा. "हिच्या शेजारी घारा. मी बसत नाही."

परीक्षकाने मान हलवली आणि बोट वळवून गेला. इतके दिवस जिच्यासाठी झटली ती जागा मास्तरणीला मिळाली होती, आणि तिने त्या जागेवर बसून चक्क भोकाड पसरलं. धक्का बघत होता तर बघू दे.

सासऱ्यांनी दोर खुंटीला गुंडाळला, दोनदा ओढून बघितला. मग ते कडेला उकिडवे बसले.

"रडतेस काय? दुसऱ्या वळणावर तुझा खांद्याचा पट्टा सैल झाला होता. मला इथून दिसला. निघण्याआधी दोनदा ओढून बघत जा."

एवढ्या लांबून, त्या वेगात, खांद्याचा पट्टा कुणाला दिसतो!

"बघेन बाबा," ती म्हणाली.